खुनी पंधराव्या पानावरच पकडला जातोय? बघा, तो गोष्टीत रिकामा बसलाय का

प्रॉब्लेम असा की कथा लिहून होते, आपल्याला वाटतं काय भारी ट्विस्ट जमलाय, रात्री झोप येत नाही इतका आनंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी घरातलं पहिलंच माणूस ती वाचायला घेतं आणि मधेच थांबून विचारतं, "हाच ना?" आणि तोच असतो. एकदा झालं तर समोरचा हुशार म्हणून सोडून देता येतं. माझं लागोपाठ पाच कथांमध्ये झालं.

पकडणारी आमची फुई. फुई म्हणजे आत्या, खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती फार वाचत नाही, ऐकते. संध्याकाळी अमळनेरला घराच्या ओट्यावर मी मोबाईलवरून वाचून दाखवायचं आणि तिने तुरीची डाळ निवडत ऐकायचं, असं आमचं चालतं. पाचव्या कथेत मी जीव ओतला होता, सात सस्पेक्ट, तीन चकवे, शेवटी उलटापालट. पंधराव्या पानावर तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "हाऊच शे. तो मेहुना."

मी विचारलं कशावरून. मला वाटलं आता ती माझा कुठला तरी क्लू सांगणार, रक्ताचा डाग, खोटं बोललेली वेळ, काहीतरी. ती म्हणाली, "ज्याले काहीच काम नई, तो इतला काब्र येस?" म्हणजे ज्याला काहीच काम नाही, तो इतका का येतो?

मला खरं उत्तर या वाक्यात मिळालं, पण समजायला दोन महिने लागले कारण मी आधी चुकीच्या गोष्टी दुरुस्त करत बसलो. त्या चुकीच्या दुरुस्त्या आधी सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

पहिलं मी काय केलं तर क्लू कमी केले. मेहुण्याच्या विरुद्ध जाणारे पाच धागे होते त्यातले तीन काढून टाकले. फुईने तरी पकडला, आणि शेवट वाचून एक मित्र म्हणाला ही चिटिंग आहे, आम्हाला कळायला काही ठेवलंच नाहीस. म्हणजे दोन्हीकडून मार. मग मी उलट केलं, सगळ्यांनाच संशयास्पद करून टाकलं. पुतण्या घाम पुसतोय, मुनीम नजर चुकवतोय, बायको रडत नाहीये, ट्रकवाला उगाच हसतोय. त्याचा परिणाम असा झाला की सगळे एकसारखे काळे दिसायला लागले आणि त्या गर्दीत मेहुणा पुन्हा वेगळा दिसला, कारण बाकीच्यांना घाम पुसायच्या आधी काहीतरी काम तरी होतं. तिसरा उपाय मी केला तो सगळ्यात वाईट, खुनी उशिरा आणला, शेवटून दुसऱ्या प्रकरणात. हे करूच नका. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1929 साली डिटेक्टिव्ह गोष्टींचे दहा नियम मांडले होते, त्यातला पहिलाच नियम हा आहे की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असला पाहिजे. त्या दहातले काही नियम आज हास्यास्पद वाटतात पण हा पहिला अजून टिकून आहे, कारण वाचक शेवटी मागची पानं उलटून बघतो, आणि मागे काही सापडलं नाही तर पुस्तक फेकतो.

मग बिघाड नेमका कुठे आहे? वाचक क्लू पकडत नाही हो. वाचक रिकामा माणूस पकडतो. गोष्टीत प्रत्येक माणूस जागा खातो, आणि वाचकाच्या डोक्यात सतत हिशोब चालू असतो की याला लेखकाने का आणलं. बायको आहे कारण ती मेलेल्याची बायको आहे. हवालदार आहे कारण पंचनामा करायचाय. मुनीम आहे कारण हिशोब त्याच्याकडे आहे. मेहुणा? मेहुणा चहा पितो, दारात उभा राहतो, सांत्वन करतो. त्याच्याशिवाय काही अडत नाही तरी लेखक त्याला परत परत आणतोय, म्हणजे लेखकाचं त्याच्याशी पुढे काम आहे. झालं, पकडला. यात शेरलॉकपणा काही नाही, लग्नात आठ दिवस आधी येऊन बसलेल्या पाहुण्याकडे आपण बघतो तसंच आहे हे.

म्हणून टेस्ट एकच आहे आणि ती दहा मिनिटांत होते. कथेचा पहिला अर्धा भाग घ्या आणि त्यातून खुन्याला पुसून टाका. त्याची वाक्यं काढा, त्याचं येणं-जाणं काढा. मग वाचा. जर गोष्ट व्यवस्थित चालली, कुठे खड्डा पडला नाही, तर तुमचा खुनी पकडला जाणार, तुम्ही क्लू कितीही लपवा. आणि जर त्याला काढल्यावर तीन-चार सीन कोसळले, अमुक किल्ली कुणी दिली, तमुक गाडी कुणी थांबवली हे प्रश्न उभे राहिले, तर तो सुरक्षित आहे. माझा मेहुणा मी पुसला तर फक्त एक चहाचा कप कमी झाला.

आता दुरुस्ती. माझी कथा रावेरच्या बाजूची, केळीच्या व्यापाऱ्याचा खून. मे महिना, शेठची बॉडी सकाळी सातला गोडाऊनच्या मागे, बाजूला केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर. मेहुण्याला मी कथेतून हाकलला आणि खुनी केला मुनीमाला. मुनीम म्हणजे कोण, तर चेंबरचं रजिस्टर लिहिणारा, ट्रकवाल्यांना पैसे देणारा, मजुरांची हजेरी घेणारा, बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा आजचा भाव काय निघाला हे शेठला सांगणारा. पोलीस आल्यावर चाव्या त्याच्याकडे, कागद त्याच्याकडे, मजुरांचे फोन नंबर त्याच्याकडे. त्याच्याशिवाय तपास एक पाऊल पुढे जात नाही. तो प्रत्येक सीनमध्ये आहे आणि कुणाला खटकत नाही कारण तो नसता तर खटकलं असतं.

हेच क्लूलाही लागू होतं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण मला स्वतःला हे शिकायला माझीच एक लाजिरवाणी चूक कामाला आली.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहून गेलो होतो की बॉडी बर्फासारखी थंड पडली होती. सवयीने लिहिलं, सगळेच लिहितात. एका मित्राने, ज्याने सिव्हिलला बरीच पोस्टमॉर्टेम बघितली आहेत, मला फोन करून हसून सांगितलं की अरे भो, मे महिन्यात रावेरला सकाळी सातलासुद्धा हवा अठ्ठावीस-तीस डिग्रीच्या खाली नसते, दुपारी 44 जाते, तिथे बॉडी बर्फासारखी कशी होईल. मेल्यावर शरीर थंड होतं म्हणजे काय, तर सदतीस डिग्रीवरून आजूबाजूच्या हवेइतकं होतं. त्याच्या खाली उतरत नाही. आणि भर दुपारी हवाच शरीरापेक्षा गरम असते तेव्हा तर थंड व्हायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर जातो, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग बारा ते अठरा तासांत दिसायला लागतो, हिवाळ्यात त्याला एक-दोन दिवस लागतात. आपण पुस्तकांत वाचतो ते थंड देशांचे आकडे, ते इथे चालत नाहीत.

मी आधी ओशाळलो आणि वाक्य काढायला गेलो. आणि मग थांबलो. बॉडी हवेपेक्षा थंड असू शकत नाही. पण समजा असली तर? तर ती कुठेतरी थंड जागी ठेवलेली होती. आणि माझ्या गोडाऊनला लागून केळीचं चेंबर आहे, जिथे साधारण सोळा ते अठरा डिग्री ठेवतात आणि केळी पिकवणारा इथिलीन गॅस सोडल्यावर पहिले चोवीस तास दरवाजा उघडायचा नसतो. कुणी उघडणारच नाही अशी खोली, कायद्याने नाही तर धंद्याच्या नियमाने बंद. खून परवाच्या संध्याकाळी, बॉडी दोन रात्री आणि मधला एक दिवस चेंबरमध्ये, थंडीमुळे सडणं लांबलं, ताठरपणा टिकून राहिला, पहाटे बाहेर आणून ठेवली. पोस्टमॉर्टेम ग्रामीण रुग्णालयात दुपारी होणार, तोपर्यंत बॉडी उन्हाने गरम, डॉक्टर म्हणणार मृत्यू रात्री झाला. आणि रात्री मुनीमाला पक्की अलिबाय, म्हणजे तेव्हा तो दुसरीकडे होता याचा पुरावा.

म्हणजे माझी चूक हाच मुख्य क्लू झाला. आता तो लपवायचा कसा? इथे मराठीनेच मदत केली. आपण मेलेल्या माणसाला "थंड पडला" म्हणतोच. हा शब्द वाचकाच्या डोळ्यासमोरून निघून जातो, त्याला कुणी तापमान समजत नाही. जुना ड्राफ्ट आणि नवा ड्राफ्ट शेजारी ठेवतो.

जुना असा होता: "मेहुणा दारात उभा होता. त्याच्या डोळ्यात एक विचित्र चमक होती. मी तर काल भुसावळला होतो, तो कुणी न विचारताच म्हणाला."

हसू नका, सगळ्यांचे पहिले ड्राफ्ट असेच असतात.

नवा असा: "मुनीम चाव्यांच्या जुडग्यातून गेटची चावी शोधत होता, एक लागेना, दुसरी लागेना. हवालदाराने टोपी काढून मान पुसली, वाकून शेठच्या मनगटाला हात लावला. केव्हाचा थंड पडलाय, तो म्हणाला, आणि हात आणखी दोन सेकंद तिथेच राहू दिला. तेवढ्यात बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला, दिल्लीची गाडी आहे, माल भरायचा का नाही ते सांगा, आणि मुनीम आलो आलो करत चाव्या घेऊन पळाला."

सगळा खून त्या दोन सेकंदांत आहे. घामाने भिजलेल्या माणसाला गार काहीतरी हाताला लागलं आणि त्याने हात काढला नाही. क्लू उघड्यावर आहे, पण त्याच्याआधी चाव्यांची गडबड आहे आणि त्याच्या लगेच मागून हॉर्न वाजतोय. क्लूच्या मागे कायम काहीतरी मोठा आवाज करणारं ठेवायचं, आणि क्लूनंतर कुणीही "विचित्र" "अजब" "कोण जाणे का" असं म्हणायचं नाही, पात्राने पण नाही आणि लेखकाने पण नाही. माझ्या जुन्या कथांत प्रत्येक क्लूनंतर एक पॅरा संपायचा. पॅरा संपला की थोडी मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत वाचक विचार करतो. त्याला विचार करायला जागा द्यायचीच नाही तिथे.

अलिबायचंही तसंच. मेहुणा कुणी न विचारता सांगायचा की मी भुसावळला होतो, त्यामुळे कुणी विश्वास ठेवला नाही. विकत मिळालेली अलिबाय वाचक मानतो, फुकट मिळालेली मानत नाही. म्हणून मी खून आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी केला आणि बॉडी आखाजी उलटून गेल्यावर पहाटे बाहेर आणली. मधला पूर्ण दिवस सणाचा, गोडाऊन बंद, शेठ दिसत नाही तर सगळ्यांना वाटतं बऱ्हाणपूरला गेले, त्यांच्या मोबाईलवरून दोन मेसेजपण येतात. आणि रात्री आपल्याकडे काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, आखाजीला पत्ते बसतात, गल्लोगल्ली. मुनीम रात्री नऊपासून पहाटे पाचपर्यंत पत्त्यांवर होता. पण जुगार तर गुन्हा आहे, 1887 चा कायदा आहे त्याला, त्यामुळे तो पोलिसांना सांगतच नाही कुठे होता. म्हणतो घरी झोपलो होतो. पीएसआयला ते खोटं वाटतं, तो तीन प्रकरणं खणतो, एकेक खेळणारा घाबरत घाबरत तोंड उघडतो, आणि शेवटी सिद्ध होतं की बिचारा मुनीम खरंच रात्रभर पत्त्यांवर हरत बसला होता. खोटं पकडलं, आत फक्त लाज सापडली, संपला विषय. वाचक मुनीमाला मनातून सोडून देतो कारण त्याने स्वतः मेहनत करून त्याला निर्दोष ठरवलंय. यापेक्षा पक्कं कुलूप मला तरी माहीत नाही.

चकव्यांचं पण एक सांगतो. चकवा म्हणजे घाम पुसणारा माणूस नाही. चकव्याला स्वतःचं गुपित पाहिजे, खुनाशी संबंध नसलेलं. माझा पुतण्या सांगतो की रात्री दोनला मोटर चालू करायला शेतात गेलो होतो. शहरातला वाचक म्हणेल बरं. पण शेतीच्या फिडरची, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या लाईनची, लाईट कधी दिवसाची असते कधी रात्रीची, वेळापत्रक बदलत राहतं, आणि त्या आठवड्यात त्या गावाला दिवसाची होती. रात्री दोनला मोटर चालूच होऊ शकत नाही. यावल-चोपड्याकडचा कुठलाही वाचक तिथे टुणकन उडी मारतो की पकडला! आणि मारू दे, कारण पुतण्याने खोटं सांगितलं ते ठिबकच्या नळ्यांसाठी दिलेले पैसे पत्त्यांत हरला म्हणून. त्याला पण काम मिळालं, कारण त्याच्यामुळेच पोलिसांना पत्त्यांचा अड्डा कळतो आणि तिथे मुनीम सापडतो.

आता एक वेगळा बिघाड, दिसायला वेगळा पण मूळ तेच. कधी कधी वाचक खुनी पकडत नाही पण शेवटी नाराज होतो, म्हणतो मला वाटलं ते अमुक काहीतरी निघेल, ते निघालंच नाही. हे बहुतेक वेळा तुमच्या माहितीच्या चुकीमुळे होतं. जाणकार वाचकाला चूक दिसली की तो तिला क्लू समजतो. तुमच्या फौजदाराने 2025 मध्ये खुनाला 302 लावलं तर कोर्टात उठबस असलेला वाचक म्हणेल, अरे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे, खुनाला 103, मग हा 302 का म्हणतोय, हा तोतया पोलीस आहे का? आणि तो पन्नास पानं तोतयाची वाट बघतो. गोष्ट त्या तारखेच्या आधीच्या खुनाची असेल तर 302 च बरोबर, तेव्हा पहिल्या पानावर साल ठरवून टाका. तसंच बॉडी सापडली की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो असं नाही, संशय स्पष्ट नसेल तर आधी एडी म्हणजे अकस्मात मृत्यू दाखल होतो, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, दोन पंच बोलावतात, व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने राखून ते लॅबला जातात. बॉडी रेल्वेच्या हद्दीत असेल तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे, आणि मोठं प्रकरण असलं की जळगावहून एलसीबीची, म्हणजे जिल्ह्याच्या गुन्हे शाखेची, गाडी येते आणि स्थानिक साहेबांचं तोंड कडू होतं. ते कडू तोंड वापरा, फुकटचा तणाव आहे.

आणि कृपा करून शेवट दोन कानाखाली आणि "हो साहेब, मीच मारलं" यावर करू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, 1872 च्या जुन्या कायद्यात ते कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 23 आहे. चालतं काय, तर आरोपीने सांगितल्यावरून जी वस्तू प्रत्यक्ष सापडते, तेवढा भाग. तो पंचांना घेऊन पुढे चालतो आणि दाखवतो, इथे पुरलंय. सीन म्हणून पण हे कितीतरी चांगलं आहे, केळीच्या बागेतून रांगेने चालणारी पाच माणसं, पायाखाली वाळलेली पानं, सगळ्यांच्या शर्टाला चिकाचे डाग पडतायत जे पुन्हा निघणार नाहीत, आणि कुणी बोलत नाहीये. मी माझ्या कथेत शेठचा मोबाईल असाच काढलाय.

एवढं सगळं करून सहावा ड्राफ्ट, म्हणजे तीच पाचवी कथा नव्याने, मी मागच्या आठवड्यात फुईला वाचून दाखवला. पंधरावं पान गेलं, ती डाळ निवडत राहिली. तिसावं गेलं, पुतण्यावर बोट ठेवलं तिने, मी गप्प. पत्त्यांच्या अड्ड्यावर हसली, तिचे दिवंगत दीर आठवले बहुतेक. मुनीमाने चेंबर उघडून दाखवलं तिथे सूप खाली ठेवलं आणि मला धस्स झालं, पण ती फक्त पाणी प्यायला उठली होती. शेवट ऐकून म्हणाली, आसं का, आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मी आत जायला निघालो तेव्हा मागून हाक मारली.

"आन चेंबरमातल्या त्या केया कोनी खाद्यात रे भो?"

केया म्हणजे केळी. मी उभाच. चोवीस तास बंद ठेवायचं चेंबर मुनीमाने संध्याकाळी बॉडी ठेवायला एकदा उघडलं, पहाटे काढायला परत उघडलं. गॅस बाहेर गेला असणार. म्हणजे दाराजवळचा माल कच्चा राहिला असणार आणि मागचा पिवळा झाला असणार, आणि तो सगळा माल मी बाविसाव्या पानावर दिल्लीच्या ट्रकमध्ये भरून रवाना करून बसलोय, कुणी एक कॅरेट उघडून बघितलं नाही. रात्री जेवण झाल्यावर ट्रकचा सीन परत काढलाय. आता दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन येतो, शिव्या घालतो की अर्धा माल हिरवा पाठवला, आणि तो फोन नेमका मुनीमच उचलतो.